पिशवीत परत गेलेले कपडे

मैत्रिणीच्या घरी मुक्कामाचा तिसरा दिवस होता. आदल्या संध्याकाळी तिने धुवायचे कपडे काढून दाराशी ढीग करून ठेवले होते. एक चादर, दोन टॉवेल, नवऱ्याचे मातीने भरलेले सदरे, माझाही एक ड्रेस. सकाळी उठून बाहेर आले तर ती टाकीच्या झाकणापाशी उभी होती. हातात खाचा पाडलेली लाकडी पट्टी. तिने ती टाकीत सोडली, वर काढली, ओल कुठवर आलीय ते पाहिलं. मग फडक्याने पट्टी कोरडी पुसली आणि पुन्हा सोडली. दुसऱ्यांदाही ओल तिथेच. मग ती टाकीला वळसा घालून न्हाणीच्या बाजूला गेली आणि मला नळ घट्ट पिळल्याचा आवाज आला. रात्री शेवटचं पाणी मीच घेतलं होतं. ती परत आली, माझ्याकडे बघून हसली, "झोप लागली ना गं नीट?" म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून ढिगातला एकेक कपडा घडी घालून पिशवीत परत भरायला लागली.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पट्टीवरची एक खाच म्हणजे वीस लिटर, हे मला पहिल्याच दिवशी तिने कौतुकाने सांगितलं होतं. त्या सकाळी ओल अडीच खाचांनी खाली गेली होती. म्हणजे पन्नास लिटर. नळ काही धो धो वाहत नव्हता. पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक धार, आवाजसुद्धा न करणारी. मिनिटाला शंभर मिलिलिटर धरले तरी आठ तासांत अठ्ठेचाळीस लिटर होतात. हा हिशेब मी नंतर माझ्या घरी बसून केला आणि केल्यावर आणखी वाईट वाटलं. कारण पन्नास लिटर म्हणजे त्यांच्या घरातलं एक अख्खं कपडे धुणं होतं आणि पाऊस पडून बरेच दिवस झाले होते. हजार लिटरच्या टाकीत आदल्या दिवशी जेमतेम एकशे साठ उरले होते. माझ्याकडे हेच झालं असतं तर मला कळलंही नसतं. नळ गळतोय हे दिसलं असतं, प्लंबरला सांगायला हवं असं मनात आलं असतं आणि आठवडाभर ते मनातच राहिलं असतं.

ते घर 220 चौरस फुटांचं आहे. एकच खोली, तिच्या एका अंगाला ओटा, वर चढून जायला शिडी, शिडीवर झोपायचा माळा. पायऱ्यांच्या पोटात खण, बाकाच्या पोटात खण, भिंतीत दुमडून बसणारं टेबल. छप्पर चहूबाजूंनी थोडं बाहेर काढलंय म्हणून ते पंचवीस चौरस मीटर भरतं आणि मिलिमीटरभर पाऊस पडला की त्यावरून पंचवीस लिटर पाणी उतरतं. छपरावर दोन सौर पॅनेल, माळ्याखाली बॅटरी, मागे भाजीचे वाफे. मी या घराचे फोटो दोन वर्षं बघत होते. खिडकीतून तिरकं येणारं ऊन, लाकडाचा पिवळसर रंग, ओट्यावर ओळीने मांडलेल्या काचेच्या बरण्या. प्रत्येक फोटो बघितला की माझ्या चार खोल्या मला अंगावर आल्यासारख्या वाटायच्या. त्यातली एक खोली तर आम्ही उघडतच नाही. तिच्यात काय आहे हे विचारलं तर मला पाच वस्तूंच्या पुढे सांगता येणार नाही आणि तरी ती झाडायची, तिच्या खिडक्या पावसाआधी लावायच्या, तिची काळजी करायची. म्हणून मी गेले. नुसती भेटायला गेले नव्हते, हे कबूल करायला हवं. आपल्याला असं राहता येईल का हे मला बघायचं होतं.

पहिले दोन दिवस मी हरखून गेले होते. त्या घरात हात लांब केला की हवी ती वस्तू मिळते. झाडून काढायला चार मिनिटं लागतात. रात्री दिवा मालवला की छपरावरून पानं सरकल्याचा आवाज येतो. सकाळी उजाडलं की माळ्यावर अंथरुणापर्यंत ऊन येतं आणि उठावंच लागतं. खरं सुख मला वाटलं ते वेगळंच. तिथे कुठलीही गोष्ट डोळ्यांआड होत नाही. तोंड धुतलेलं पाणी नळीतून कुठे जातं, तर त्या पलीकडच्या केळीच्या बुंध्याशी. भाजीची देठं कुठे जातात, तर त्या कुंपणाजवळच्या ढिगात. रात्री वाचायला लावलेला दिवा कशावर जळतोय, तर दुपारी आपल्याच पाठीवर पडलेल्या उन्हावर. माझ्या घरात पाणी भिंतीतून येतं आणि जाळीतून नाहीसं होतं. मधल्या दोन हातांच्या अंतरापुरतीच माझी त्याच्याशी ओळख. इथे मात्र सगळ्याची दोन्ही टोकं दिसत होती आणि ती दिसल्यावर मनाला कसलीतरी स्वस्थता येत होती. ती स्वस्थता खरी होती. पुढे जे पाहिलं त्याने ती खोटी ठरली नाही.

तिसऱ्या दिवसापासून मला मैत्रिणीचे डोळे दिसायला लागले. आधी ती साधी माझ्याशी बोलते आहे असं वाटायचं. मग लक्षात आलं की बोलता बोलता तिची नजर फिरत असते. इन्व्हर्टरवरच्या आकड्यावर जाते, ढगांवर जाते, ओट्याखालच्या बादलीवर जाते, पुन्हा माझ्याकडे येते. मी पाणी उकळायला माझी विजेची किटली पिशवीतून काढली तेव्हा तिने ती हळूच माझ्या हातातून घेतली आणि गॅसवर पातेलं ठेवलं. दीड हजार वॅटची किटली दहा मिनिटं चालली तर अडीचशे वॅट-तास खाते. त्यांचे पॅनेल लख्ख उन्हाच्या दिवशी सगळे मिळून आठशेच्या आसपास देतात. त्यातच फ्रिज, दिवे, फोन, पाण्याचा छोटा पंप. आभाळ भरून आलं की तेही नाही. असे सलग तीन दिवस गेले की फ्रिज बंद करायचा असं ठरलेलं आहे आणि कुठला दिवस कितवा हे तिच्या डोक्यात असतं. नवऱ्याच्या डोक्यात भुशाची पोती असतात.

भुशाचं सांगायला हवं, कारण फोटोंत ते कधीच नसतं. त्यांचा संडास कोरडा आहे. पाणी लागत नाही, प्रत्येक वेळी वरून लाकडाचा भुसा टाकायचा. मूत्र पुढच्या बाजूने वेगळं जातं, कारण ते मैल्यात मिसळलं की वास सुटतो. वेगळं ठेवलं तर खरोखरच वास येत नाही, मी स्वतः पाच दिवस अनुभवलं. पण माणसाला दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास मूत्र होतं. दोघांचं तीन लिटर, पाहुणी आली की आणखी. तो कॅन दर दुसऱ्या दिवशी रिकामा करायचा, दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं आणि ज्या दिवसांत टाकीतच पाणी नाही त्या दिवसांत लांब नेऊन मातीत जिरवायचं. मैल्याची बादली मागच्या हौदात न्यायची, पालापाचोळ्याने झाकायची आणि तो हौद भरल्यावर निदान वर्षभर त्याला हात लावायचा नाही. जंतांची अंडी मातीत फार काळ तग धरतात, म्हणून ते खतही भाजीला घालत नाहीत, फक्त मोठ्या झाडांना. हे सगळं तिचा नवरा करतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला ती बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून सावकाश चालत जाताना पाहिलं. चेहऱ्यावर ना किळस, ना काही विशेष केल्याचा भाव. मी मात्र नजर वळवली. मग वाटलं, वळवायला नको होती. माझाही वाटा होता त्यात.

लहान घरात हवेलासुद्धा जागा लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभर पाण्याची वाफ निघत असते. दोन माणसांची मिळून सकाळपर्यंत अर्ध्या लिटरच्या घरात जाते. त्यात स्वयंपाकाची वाफ. शिवाय गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो, किलोभर गॅस जळला की दीड किलोहून जास्त. मोठ्या घरात हे सगळं कुठेतरी विरून जातं. इथे ते काचेवर थेंब होऊन बसतं, भिंतीच्या कोपऱ्यात बसतं आणि कुठेच जागा मिळाली नाही की गादीच्या पोटात शिरतं. मैत्रिणीने मला माळ्यावर नेऊन गादी उचलून दाखवली. खालच्या बाजूला काळे ठिपके, मिरी सांडल्यासारखे. "पहिल्या वर्षी कळलंच नाही गं," ती म्हणाली. "खोकला का जात नाही म्हणून औषधं घेत बसलो." आता गादीखाली फळ्यांची जाळी आहे, स्वयंपाक करताना दोन्ही खिडक्या सताड उघड्या असतात आणि रोज सकाळी गादी भिंतीला टेकवून उभी केली जाते. थंडी असो, वारा असो. हे सांगताना तिने गादीच्या कडेवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

माझं लहानपण एका खोलीत गेलं. आम्ही चौघं होतो. वडील रात्री उशिरापर्यंत वाचायचे. आमच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून त्यांनी खोक्याचा पुठ्ठा कापून दिव्याला लावला होता, म्हणजे उजेडाचा एक चौकोन फक्त त्यांच्या पुस्तकावर पडायचा आणि बाकी खोली अंधारात राहायची. तो पुठ्ठा दिव्याच्या उष्णतेने कडेला तपकिरी झाला होता. त्याचा वास मला अजून आठवतो. पण तेव्हा आम्हांला कुणालाच ती खोली सुंदर वाटत नव्हती. आईला तर मुळीच नाही. साडी बदलायची तर तिला आम्हां तिघांना बाहेर काढावं लागे. रडू आलं तर ती न्हाणीत जाऊन पाणी सोडायची, हे मला फार उशिरा समजलं. मोठं घर हे आमच्या घरातलं एकुलतं एक स्वप्न होतं, आणि आईवडिलांनी ते पुरं करता करता स्वतःला झिजवलं. म्हणून लहान घराची ओढ माझ्या मनात आली की तिच्या पाठोपाठ थोडी शरमही येते. मैत्रिणीने ते घर निवडलं. तिच्या गाठीशी चार पैसे आहेत, नाही जमलं तर परत यायला जागा आहे. आईने ती खोली निवडली नव्हती. चौरस फूट सारखेच असतील, पण दोघींच्या राहण्याला एकच शब्द वापरायला माझी जीभ रेटत नाही.

जपानमध्ये कामो नो चोमेई नावाचा एक कवी होऊन गेला. उतारवयात तो डोंगरात दहा फूट बाय दहा फुटांच्या झोपडीत जाऊन राहिला आणि 1212 साली त्याने तिच्याविषयी लिहून ठेवलं. क्योटोमधली 1177 सालची आग त्याने पाहिली होती, 1185 सालचा भूकंप पाहिला होता. माणसं घरांवर एवढा जीव टाकतात आणि ती घरं एका रात्रीत राख होतात, हे बघून त्याचं मन उडालं. त्याने झोपडीचे सांधे असे बांधले होते की ती सोडवून दोन गाड्यांत भरून दुसरीकडे नेता यावी. मला या माणसाविषयी माया वाटते ती लिखाणाच्या शेवटामुळे. झोपडीचं, एकांताचं, तिथल्या शांततेचं मनसोक्त वर्णन करून झाल्यावर तो स्वतःलाच विचारतो, या झोपडीवर माझा जडलेला जीव हीसुद्धा आसक्तीच नाही का? आणि त्याला उत्तर देता येत नाही. मैत्रिणीचं घर बघून परतताना मला सारखा तो आठवत होता. बरण्या ओळीत लावताना तिचा हात जसा थांबतो, एखादी बरणी कणभर पुढे सरकवतो, त्यात जीव गुंतलेला दिसतो. तो गुंतू नये असं मला तरी म्हणवत नाही.

स्वावलंबन हा शब्द तिच्या तोंडी एकदाही आला नाही. मीच तो मनात घेऊन गेले होते. वाफ्यांत भाजी होते, शेंगा होतात, कधी भोपळे. पण पोट भाजीने भरत नाही. नुसत्या बटाट्यांवर जगायचं म्हटलं तरी मोठ्या माणसाला दिवसाला अडीच किलोच्या वर बटाटे लागतील. दोघांचे वर्षाचे दोन टनांच्या जवळ जातात. तेवढी जमीन त्यांच्यापाशी नाही, तेवढी माणसंही नाहीत. धान्य, तेल, मीठ बाहेरून येतं. गॅस येतो, स्क्रू येतात. बॅटरी कुठल्यातरी कारखान्यातून आली आणि काही वर्षांनी दुसरी आणावी लागणार आहे. दात दुखला की ती बस पकडून दवाखान्यात जाते. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो 1845 साली तळ्याकाठी आपल्या हाताने खोली बांधून राहिला, दहा फूट बाय पंधरा फुटांची. जमीन इमर्सन या त्याच्या मित्राची होती, पहिली कुऱ्हाड उसनी आणलेली होती आणि गाव चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पुष्कळ लोक हे सांगून त्याला खोटा पाडायला बघतात. मला त्यात खोटं काही दिसत नाही. उलट, आपण कुणाची कुऱ्हाड आणलीय हे ज्याला नेमकं ठाऊक आहे तो माझ्याहून पुष्कळ पुढे आहे. ल कार्ब्युझिए या थोर वास्तुरचनाकाराने फ्रान्समध्ये समुद्राकाठी स्वतःसाठी बांधलेली लाकडी खोली 3.66 मीटर बाय 3.66 मीटरची आहे, आणि तिच्यात स्वयंपाकघरच नाही. शेजारच्या खाणावळीत उघडणारं दार मात्र आहे. लहान घराला कुठेतरी उघडणारं एक दार लागतंच. मैत्रिणीच्या घराचं ते दार म्हणजे पाऊलवाटेने दहा मिनिटांवर राहणारं एक म्हातारं जोडपं आहे. टाकी तळाला गेली की त्यांच्या विहिरीचं पाणी येतं आणि त्यांच्या छपराची दुरुस्ती मैत्रिणीचा नवरा करतो.

दुसरी खोली नसण्याचाही एक अर्थ मला चौथ्या रात्री कळला. दोघांचं कशावरून तरी बिनसलं. कारण मला नीट कळलं नाही, बहुतेक पंपाचा वॉशर वेळेवर आणला नाही असं काहीतरी. आवाज चढले नाहीत. चढवायला जागाच नव्हती, मी तीन हातांवर बसले होते. तो उठून बाहेर गेला आणि अंधारात वाफ्यांपाशी उभा राहिला. ती ओटा पुसत राहिली, पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली. मी शिडी चढून माळ्यावर जाऊन पडले, तरी मला दोघांचाही श्वास ऐकू येत होता असं वाटलं. अर्ध्या तासाने तो आत आला. पट्टी घेऊन पुन्हा बाहेर गेला, टाकी बघून आला आणि म्हणाला, "उद्या मी विहिरीवरून आणतो. तू कपडे धुऊन टाक." ती "बरं" म्हणाली. म्हणजे त्या कपड्यांच्या पिशवीचा भार त्या घरात दोन दिवस तरंगत होता, आणि माझ्यासमोर कुणी तो शब्दाने उच्चारला नव्हता.

निघायच्या दिवशी मी माफी मागितली. नळाचं बोलले. ती खरोखरच गोंधळली. "अगं, होतं तसं. पहिल्या महिन्यात मी आख्खी टाकी सोडून दिली होती," ती म्हणाली आणि मला वाफ्यातल्या कोवळ्या शेंगा बांधून दिल्या. मी घरी आले, दिवे लावले, चारी खोल्यांतून फिरले. न्हाणीघरात गरम पाण्याखाली बराच वेळ उभी राहिले, कारण अंग दुखत होतं आणि मला ते हवं होतं. आणि उभी असताना मनात खाचा मोजत होते. एक. दोन. तीन. चौथ्या खाचेला मी नळ बंद केला, मग दोन मिनिटांनी पुन्हा सोडला. मला तसं राहता येईल का, याचं उत्तर मी अजून घरच्यांना दिलेलं नाही. ते विचारतात. मी म्हणते, घर फार गोड आहे. ती बंद खोली मात्र मी उघडली आहे. दर रविवारी एक खोकं काढते. कालच्या खोक्यात वडिलांचा चष्मा निघाला. तो टाकायचा नव्हता म्हणून खोकं तसंच परत बांधलं.

परवा रात्री अकराला मैत्रिणीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही, म्हणून मी धास्तावून घेतला. ती काही बोललीच नाही. नुसता खळखळाट येत होता. मग तिचा आवाज आला, "ऐकतेस ना? टाकीत पडतंय." पहिलं पाणी छपरावरची धूळ, पानं घेऊन येतं म्हणून ते बाहेर सोडून द्यावं लागतं. ते सोडून झालं होतं, आता चांगलं पाणी येत होतं. मी खिडकीपाशी जाऊन बसले. माझ्याकडे पावसाचं नाव नव्हतं. फोन कानाला धरून आम्ही दोघी बराच वेळ तशाच होतो. आवाज आधी पोकळ होता, पत्र्यावर मूठभर खडे टाकावेत तसा. मग हळूहळू खोल आणि मऊ होत गेला. "दहा-बारा मिलिमीटर तरी होईल," ती म्हणाली. मी मनात पंचवीसने गुणलं. तीनशे लिटर. पंधरा खाचा. तिकडून नवऱ्याने काहीतरी विचारलेलं ऐकू आलं, ती त्याला "हो, हो" म्हणाली.

"थांब, ठेवते," ती मला म्हणाली. "कपडे भिजत घालायचेत."